चपला तीनशे, तिकिटं दोनशे

नोकरीच्या शेवटच्या वर्षातला तो तपास अजून माझ्या मनातून उतरलेला नाही. नांदेडच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. जुने चित्रपट पुन्हा लावण्याची लाट होती आणि शहरातल्या एका टॉकीजमध्ये देवीवरचा जुना मराठी चित्रपट लागला होता.

एके सकाळी वितरकाचा प्रतिनिधी लेखी तक्रार घेऊन आला. तरुण, पुण्याचा. देवीचा चित्रपट म्हणून इथले लोक चपला टॉकीजच्या पायरीवर काढून ठेवतात, हे त्याने हेरलं होतं. कुणाला संशय येऊ नये म्हणून समोरच्या हॉटेलात बसून त्याने तीन दिवस दुपारच्या शोच्या चपला मोजल्या होत्या.

"साहेब, काल तिकिटं गेली दोनशे बारा आणि चपलांचे जोड तीनशेच्या वर. गेटकीपर माणसं फुकट आत सोडतो. चित्रपट चालला की पडला, हे तिकिटांवरच ठरतं. आकडा असाच राहिला तर शुक्रवारी तो उतरवावा लागेल."

गेटकीपरला चौकशीसाठी बोलावलं. लोहा तालुक्यातला माणूस, टॉकीजच्या दारावरच केस पिकलेले. गुन्हा दाखल झाला तर नोकरीही जाणार आणि नावही, हे त्याला कळत होतं.

"मामा, किती जणांना फुकट सोडलं?"

"एकालाबी न्हाई. सख्ख्या मेव्हण्याला तिकीट काढाय लावलं, साहेब. तो अजून बोलत न्हाई माझ्यासंगं."

"मग जादा चपला कुणाच्या?"

"माणसांच्याच हायत."

"कुठली माणसं?"

चहा पाजला, दटावलं, उपयोग झाला नाही. खोटं बोलणारा माणूस जास्त बोलतो, हा माझा अनुभव. हा तोंडच उघडत नव्हता. तो दुसऱ्याच कुणाला तरी पाठीशी घालतोय, असं मला वाटलं.

त्याच दुपारी हवालदाराला आणि प्रतिनिधीला घेऊन साध्या कपड्यांत टॉकीजवर गेलो. मध्यंतराला दिवे लागताच डोकी मोजली. जितकी तिकिटं, तितकीच माणसं.

"तुम्हाला बघून बाकीच्यांना मागून बाहेर काढलं असेल," प्रतिनिधी म्हणाला.

म्हणून मागे गेलो. तिथं भाजीबाजाराची गल्ली, वर एप्रिलचं ऊन. हवालदाराने मला कोपराने ढोसलं. "साहेब, पाय बघा."

गल्लीतल्या साऱ्या भाजीवाल्या अनवाणी होत्या. हमालसुद्धा. एक बाई पोत्यावर पाणी शिंपडून त्यावर पाय टेकवून मेथी विकत होती.

"मावशी, चपला कुठंयत?"

"म्होरं पायरीवर. आत देवी चालू हाय ना."

"पण तुम्ही तर बाहेर आहात."

"बाहीर असलो म्हणून काय झालं? ऐकू तर येऊन राहिलंय. मी तीन तास आत बसले तर मेथी तुम्ही इकता का?"

शेजारणी फिदीफिदी हसल्या. टॉकीजचं मागचं दार हातभर उघडं होतं, आवाज तिथून येत होता. गेटकीपरच ते रोज उघडतो, हे त्यांच्याकडूनच कळलं. सांगितलं तर दार बंद होईल, म्हणून तो ठाण्यात गप्प बसला होता.

तेवढ्यात आत आरती सुरू झाली. गल्लीभर तराजू खाली टेकले. कांदे मागणारं गिऱ्हाईकही पिशवी धरून थांबलं. बंदोबस्तात मी लाखांची गर्दी पाहिली आहे. पण पडदा दिसत नसताना एका चित्रपटापुढे हात जोडून उभी राहिलेली माणसं मी पहिल्यांदा पाहत होतो.

शो सुटला. ज्याने त्याने येऊन आपापल्या चपला घातल्या. पायरीवर एकही जोड उरला नाही. प्रतिनिधीने तक्रार मागे घेतली, पण जाता जाता म्हणाला, "ते दार बंद करायला सांगा. आमचा आवाज फुकट जातोय."

गेटकीपर माझ्याकडे पाहू लागला.

"आग लागली तर बाहेर पडायचं दार आहे ते," मी म्हणालो. "कुलूप दिसलं तर मालकावर कारवाई करीन."

"कुलूप नको. नुसतं लोटून घ्या," प्रतिनिधी म्हणाला.

"उन्हाळा आहे. आतल्यांना वारा लागतो."

शुक्रवारी चित्रपट उतरला. वितरकाच्या दफ्तरात तो पडला अशीच नोंद झाली असणार, आणि तिकिटांपुरती ती खरीही होती. पण उन्हात अनवाणी उभ्या राहिलेल्या माणसांसाठी ज्या कागदात रकाना नाही, तो कागद खरा असूनही अपुरा असतो, हे मला त्या गल्लीने शिकवलं. निवृत्त होईपर्यंत कुठल्याही पंचनाम्यावर सही करण्याआधी मी इमारतीच्या मागे एक चक्कर मारून येत असे.