मायाक्काचं घोंगडं

मायाक्का आधी माणसाच्या कपड्याला हात लावायची, मग नाव विचारायची. सांगलीच्या डिझाइन कॉलेजात पहिल्याच दिवशी तिनं माझ्या ओढणीचं टोक चिमटीत धरून चोळलं आणि म्हणाली, "पॉलिस्टर हाय. उन्हात रडशील. नाव काय तुजं?" मी वाईची, असली सलगी न खपणारी. उठून दुसरीकडं बसले. दुसऱ्या दिवशी बया पुन्हा माझ्याच शेजारी.

ती कवठे महांकाळकडची, मेंढपाळ धनगरांची. सरांनी हजेरी घेताना 'माया' म्हटलं की उभी राहून सांगायची, "मायाक्का. देवीचं नाव हाय, अर्धं करू नगा." एका सुट्टीत मी तिच्या घरी गेले, तर मला बसायला प्लास्टिकची खुर्ची दिली. मला वाटलं, शहरातली म्हणून मान देतायत. मायाक्का ओशाळून म्हणाली, "आमच्यात पावण्याला घोंगडं हातरत्यात गं. पर माजा दमा लोकरीनं उसळतोय. आईनं समदी घोंगडी चुलत्याकडं नेऊन ठेवल्यात."

आणि या बाईला टेक्स्टाइलच घ्यायचं होतं. पहिलं वर्ष संपताना प्रत्येकानं आपला विषय निवडायचा असतो: टेक्स्टाइल, ग्राफिक, फर्निचर. तिचं केव्हाच ठरलेलं. "आता लोकर उकिरड्यावर टाकत्यात गावात. कुनी इचारत न्हाई. मी इचारनार." माझं कशातच काही ठरत नव्हतं, म्हणून मीही तिच्या मागून टेक्स्टाइल लिहून दिलं. तेवढ्यात मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलं, लोकरीच्या धुळीपासून लांब राहायचं. आईनं गळ्याची शपथ घातली. मायाक्का दोन दिवस अन्नाला शिवली नाही, मग तिनं ग्राफिक घेतलं. "आईची शपत मोडून इनलेलं कापड कुनाच्या अंगी लागंल?" एवढंच म्हणाली.

पुढं ती रोज मागाच्या खोलीच्या दाराशी यायची. उंबऱ्याच्या आत मात्र कधी नाही. मी बाहेर आले की माझी बाही चाचपून विचारायची, "आज काय इनलंस?" मला राग यायचा. तिचा नव्हे, मला आयत्या मिळालेल्या त्या मागाचा. ग्राफिकमध्ये तिला मार्क चांगले पडायचे. कौतुक केलं की म्हणायची, "पडद्याला हात लावला तर नुसती गार काच लागती गं."

शेवटच्या वर्षी, शेतात उसाचं पाचट पेटवायच्या दिवसांत, त्या धुरानं तिला दम लागला. भर दुपारी. आम्ही तिला दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. लोकरीपासून एवढं जपलं, जीव तोडून जपलं, आणि पोर गेली पाचटाच्या धुरानं. मला हे अजून पटत नाही.

दिवसकार्य उरकल्यावर मी तिच्या घरी गेले. खुर्च्या कोपऱ्यात एकात एक घालून ठेवल्या होत्या. तिची आई आतून काळं घोंगडं घेऊन आली आणि घरातच तिनं ते जोरानं झटकलं. धूळ उडाली तशी मी सवयीनं दाराकडं पाहिलं.

"चार दिस तरी मनासारकं इनलं असतं माज्या लेकीनं," आई म्हणाली. मग वाकून तिनं घोंगडं अंथरलं, हातानं सारखं केलं.

"बस पोरी. आता कुनाला खोकला येनार हाय?"