वरीलप्रमाणे

नव्वदच्या दशकात बायकोच्या नोकरीपायी आम्ही अमेरिकेत, ईडन प्रेरीला आलो. तिला ऑफिस होतं. मला तिच्या व्हिसावर नुसतं राहायची परवानगी. नागपूरच्या शाळेत अकरा वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस खिडकीतून बर्फ बघत बसला की चिडका होतो, तसा मी झालो. शेवटी एका ग्रंथालयात बिनपगारी काम मिळालं.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका बड्या इंग्रज नटाची खाजगी पत्रं कुणा श्रीमंत अमेरिकनानं त्या ग्रंथालयाला दिली होती. एकेक पत्र वाचायचं आणि कार्डावर एका ओळीत त्याचा सारांश लिहायचा. विभागप्रमुख बाई सत्तरीच्या, कडक. खोलीत पेन आणू द्यायच्या नाहीत, फक्त पेन्सिल.

माझ्या वाट्याला बहिणीला लिहिलेली पत्रं आली. ही त्याची थोरली विधवा बहीण समुद्रकाठच्या खेड्यात राहायची. आईमागे तिनंच त्याला वाढवलं होतं. प्रत्येक पत्रात तेच. थिएटरात गर्दी मावत नाही, घसा बसलाय, हा दौरा संपला की नक्की येतो. मग दौरा वाढायचा. पहिल्या कार्डावर मी लिहिलं, ‘लवकरच भेटीस येण्याचे आश्वासन.’ आठव्यापासून नुसतं ‘वरीलप्रमाणे’ लिहायला लागलो. घरी जेवताना बायकोला त्याची नक्कल करून दाखवायचो. पक्का नाटकी माणूस, म्हणायचो, जिनं वाढवलं तिच्याशीसुद्धा नाटक करतो.

ताटं उचलली की त्याच टेबलावर मी आईला पत्र लिहायला बसायचो.

आई नागपूरला माझ्या धाकट्या बहिणीकडे असायची. विड्या वळून तिनं आम्हाला शिकवलं, आणि तंबाखूची धूळ तिच्या छातीत बसली. तिला वाचता येत नव्हतं. माझी पत्रं बहीण वाचून दाखवायची आणि तिच्या वतीनं उत्तर लिहायची. वर ‘जय भीम’, खाली, ‘आईचा दम वाढला आहे. ती म्हणते, एकदा येऊन तोंड दाखवून जा.’

‘जाऊन येऊ का?’ मी बायकोला विचारलं.

‘अरे, ग्रीन कार्डची फाइल मधेच आहे. लॉयर म्हणाला ना, आत्ता ट्रॅव्हल अव्हॉइड करा. मग रिस्क कशाला घ्यायची, यार?’

मला हेच उत्तर हवं होतं. सगळं खापर वकिलावर फोडून चालणार नाही, कारण ग्रीन कार्ड हातात आलं तेव्हा मुलीची शाळा आडवी आली, आणि शाळेला सुट्टी लागली तेव्हा ग्रंथालयातच पगारी जागा निघाली, तिचा इंटरव्ह्यू. आईला मी बर्फाचं वर्णन करून लिहायचो, मुलीच्या करामती लिहायचो, आणि शेवटी, येत्या उन्हाळ्यात नक्की येतो.

नोकरी लागल्यावर त्या नटाच्या पत्रांच्या खोक्याच्या तळाशी रिबिनीत बांधलेली पाच पाकिटं सापडली. फोडलेलीच नव्हती. बाईंनी पातळ पात्यानं ती अलगद उघडली. आत गर्दी, घसा, वसंतात नक्की येतो. मला हसू फुटलं. बाई हसल्या नाहीत. त्याच्या बहिणीनं ही उघडली का नसतील, असं त्यांनी विचारलं.

‘वारली असेल,’ मी म्हणालो.

त्यांनी चर्चच्या नोंदीची प्रत काढून दाखवली. बहीण शेवटच्या पत्रानंतर सहा वर्षं जगली होती. मग भांडण झालं असेल, असं म्हणून मी कार्डावर लिहिलं, ‘न उघडलेली. कारण अज्ञात.’

त्याच वर्षी मार्चमध्ये शेजाऱ्यांच्या घरून बहिणीचा फोन आला. आई गेली होती.

या वेळी मी वकिलाला विचारलं नाही, मुलीची शाळा बघितली नाही. इतकी वर्षं न निघालेलं तिकीट एका दुपारीत निघालं. तिसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी आईचा फोटो लागला होता, माझ्याच लग्नातला, त्यामुळे त्यात ती हसत होती.

बहिणीनं पत्र्याचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला. त्यात माझी सगळी पत्रं होती. वरची चार चिकटवलेलीच होती.

‘ही तिला वाचून दाखवली नाहीस?’

‘घेतली होती वाचायला, दादा. तिनं फोडूच दिली नाहीत. म्हणे, येतो मनून लिवलं असन. ठेवून दे.’

‘रागावली होती?’

‘रागावली असती तर बरं झालं असतं. पोस्टमन आला की उठून बसायची. पत्र हातात घ्यायची, तुझं अक्षर पाहायची, आणि मला द्यायची डब्यात ठेवायला.’

मला माझी इतकी लाज वाटली की बहिणीकडे बघवेना. कारण अज्ञात, असं मी पेन्सिलीनं, शहाण्यासारखं लिहिलं होतं.

एक पत्र मी फोडलं. बर्फ पुष्कळ पडला आहे, मुलगी सायकल शिकली, उन्हाळ्यात नक्की येतो. उरलेली तीन मीही फोडली नाहीत.