मंदाबाईच्या पायाचं माप

हिंगणघाटच्या एका सूतगिरणीत मंदाबाईनं बावीस वर्षं उभ्यानं काढली. मशीनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं, धागा तुटलेला दिसला की जोडायचा, पुन्हा चालायचं. मध्येच बसलं की नोटीस. गेल्या वर्षापासून सकाळी पलंगावरून उतरलं की तिच्या डाव्या टाचेत खिळा घुसायचा.

गिरणीतल्या बायांजवळ यावर एकच इलाज होता. बुटात रुईचा, पिंजलेल्या कापसाचा, बोळा कोंबायचा. मशीनखाली पडलेली रुई कोण मोजतं? मंदाबाईनंही सहा महिने कोंबली. सकाळी गादीवर चालल्यासारखं वाटे, जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोळ्याची पोळी होई आणि पाय आतल्या अंगाला आणखीच कलंडे.

शेवटी ती वर्ध्याला दवाखान्यात गेली. तिथल्या फिजिओथेरपिस्ट पौर्णिमानं तिचे तळवे ओले केले आणि तिला कागदावर उभं केलं. डावा ठसा सपाट, भरगच्च उमटला.

"मावशी, ही तळव्याची कमान बसली आहे. हिला मऊ काही नको, बुटात घालायचा टणक आधार पाहिजे. तो बुटाचा नंबर पाहून घेऊ नका. टाचेपासून अंगठ्याच्या बुडापर्यंत माप घ्या. आधाराचा उंचवटा बरोबर कमानीखाली आला पाहिजे. टोचला तर जास्त, कळलाच नाही तर कमी. आणि दोन्ही पाय वेगळे तपासा."

मंदाबाईनं ते डोक्यात पक्कं बसवलं. आधार गिरणीनं द्यावेत म्हणून दवाखान्याची चिठ्ठी तिनं ऑफिसात टाकली, सोबत एक यादी. टाच दुखणाऱ्या आणखी दहा बायांची नावं तिनंच गोळा केली होती.

महिनाभरानं सुपरवायझर रुपेश एक खोका घेऊन आला. आत कमानीचे आधार, लहान, मधले, मोठे. सोबत कागद: 'योग्य मापाचे आधार मिळाले, तक्रार नाही.' यानंतर जी उभी राहू शकणार नाही तिला मशीनवरून काढून झाडूवर टाकणार, हेही त्यानं हसत हसत सांगून टाकलं. म्हणजे सही केली की पुढचं सगळं दुखणं बाईच्या नावावर.

"मंदाबाई, सात नंबर ना? मधला घ्या. इथं सही."

"घालून पाह्यते पयले."

"मावशी, बुटात घालाची पट्टी आहे ते. जावई पाहून राह्यली काय?"

"जावई सणावाराले येते, बापा. हे आठ तास पायाखाली राहीन."

तिनं बुटातलं जुनं अस्तर उपसून काढलं, आधार बसवला, नाडी आवळली, दहा पावलं चालली. उजवा ठीक. डाव्याचा उंचवटा कमान सोडून पुढे सरकलेला, पंजाखाली गोट्यासारखा बोचत होता.

"दोन दिवस वापरा, सवय होते," रुपेश म्हणाला.

"सवय तं दुखण्याची बी झाली. मंग दवाखान्यात काऊन गेलती मी?"

शेजारची आनंदाबाई हळूच म्हणाली, "मी तं सही करून मोकळी झाली वं. माहा बी सातच नंबर."

"इकडे ये. पाय ओले कर."

मंदाबाईनं बाटलीतलं पाणी फरशीवर ओतलं. दोघींनी बूट काढून त्यात तळवे भिजवले, कोरड्या फरशीवर शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि बाजूला झाल्या. एप्रिलच्या उन्हानं तापलेली फरशी, ठसे वाळायला लागले, तशी तिनं कापसाच्या गाठींवर खुणा करायचा खडू घेऊन ते भराभर रेखून काढले. तिचा पाय सपाट, पाटासारखा. आनंदाबाईची नुसती टाच आणि पंजा, मधे कोरडी जागा.

"पाह्य, साहेब. दोघीचा नंबर एक, दोघीले पट्टी एक. पाय एक आहे काय?"

रुपेशनं कागद पुन्हा पुढे केला. तेवढ्यात पाळीचा भोंगा झाला. "सही नसेल तर मशीनवर सोडता येत नाही," तो म्हणाला. "वरून ऑर्डर आहे."

मंदाबाईनं कागद ओढला आणि शाळेतल्या अक्षरात लिहिलं: 'उजवा बसते. डावा बोचते. माप घेतलं नाही.' खाली सही केली. आनंदाबाईनं आपला कागद परत मागितला. मागोमाग नऊ जणी असंच लिहायला रांगेत. आत मशीनवर धागे तुटत होते आणि जोडायला हात नव्हते. असा कागद चालेल का, हे विचारायला रुपेशनं वर तीनदा फोन लावला, चौथ्यांदा फोन ठेवून म्हणाला, "जा, जुन्याच बुटावर जा."

ते कागद वर गेले आणि गुरुवारी माप घेणारा माणूस आला. मंदाबाईनं चार जोड घालून पाहिले. तिसऱ्यातला उजवा आणि चौथ्यातला डावा निवडला.

"जोड फुटते ना, ताई," तो कुरकुरला.

"फुटू द्या. माहे पाय साबूत पाह्यजेत."

रुपेशनं नवा कागद पुढे केला. तिनं ओळ न ओळ वाचली, 'तक्रार नाही'वर आडवी रेघ मारली, बाजूला लिहिलं: 'पंधरा दिवसांनी पुन्हा तपासावं.' मग सही केली आणि मशीनकडे चालू लागली.