मागच्या सीटवर कोणी नाही

माझ्या मुलाला कामावर सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात. हातात रबरी मोजे आणि तोंडावर मास्क असतो, म्हणून. तो एका कंपनीच्या टॅक्सी आतून साफ करतो. सकाळी गाड्या परत आल्या की मुकादम ओरडतो, “डॉक्टर, पेशंट आलाय! पोट बिघडलंय त्याचं!” म्हणजे मागच्या सीटवर कोणीतरी ओकलेलं असतं.

माणसं टॅक्सीत काय काय टाकून जातात हे मला या मुलामुळे कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं. सीटच्या फटीत कोंबलेला भरलेला डायपर. दाराच्या कप्प्यात कापलेली नखं. सीटखाली चिकटवलेलं च्युइंगगम, त्यावर म्हणे दातांचे ठसे तसेच असतात. पण सगळ्यांत वाईट सांडलेलं दूध. ते गालिच्याखाली झिरपतं आणि मग कितीही घासा, गाडी गरम झाली की वास पुन्हा वर येतो. हे सगळं तो जेवताना सांगतो.

“अरे, घास तरी गिळू दे मला.”

“तूच विचारलंस ना, दिवस कसा गेला म्हणून?”

पोटचा मुलगा आहे, पण त्याचा कामावरचा शर्ट मी काठीने उचलते आणि वेगळा धुते. खोटं कशाला बोलू, मला किळस येते. त्याची नाही, त्या बसून गेलेल्या माणसांची. चांगल्या कपड्यांतली, अत्तर लावलेली माणसं असतील. स्वतःच्या घरात सोफ्याखाली नखं टाकतील का ती?

घरी आला की तो आंघोळ करतो आणि टीव्हीसमोर गाड्यांचा गेम लावतो. गेम शर्यतीचा आहे, पण हा शर्यतीत उतरतच नाही. रस्ते, डोंगर, समुद्रकिनारा, सगळा मुलूख मोकळा, गाडी वाटेल तिकडे घाला. बाकीच्या गाड्या जीव तोडून पळत असतात आणि आमचे राजे एखाद्या टेकडीवर गाडी उभी करून खालचा समुद्र बघत बसतात. मग लहर आली की गाडी सरळ उतारावरून सोडायची. कुंपणं मोडतात, झाडं आडवी होतात, हा खदाखदा हसतो. चिखलात लोळवलेली गाडी नदीतून काढली की लख्ख! ना ब्रश, ना साबण.

मला तो गेम बघवत नाही. ती चकचकीत, कोटींच्या भावाची गाडी, ते कानठळ्या बसवणारं संगीत, आणि वर कुंपण मोडलं की गुण मिळतात!

“शाबासकी कसली देतात मेले? मोडल्याची?”

“आई, गंमत आहे गं.”

“कुंपण ज्याचं आहे त्याला विचार गंमत.”

एकदा वैतागून विचारलं, यात तुला एवढं मिळतं तरी काय? पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, “या गाडीत मागे कोणी बसत नाही.”

मी भाजी निवडायला गेले.

मध्यंतरी कंपनीच्या मालकीणबाईंनी त्याला बोलावून घेतलं. पार्सलच्या व्हॅनवरचा ड्रायव्हर सोडून चालला होता. “लायसन्स आण, व्हॅन तुला देते,” म्हणाल्या. दिवसभर गाड्यांच्या पोटात शिरणाऱ्या माझ्या मुलाला गाडी चालवता येत नव्हती, हीसुद्धा एक गंमतच. त्याने क्लास लावला. मला रस्त्यांची फार धास्ती. अपघाताची बातमी आली की मी वाहिनी बदलते. तरीही तो पास व्हावा म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. कारण पार्सलची खोकी ओकत नाहीत.

काल परीक्षा झाली. दार उघडलं तर चेहऱ्यावरच निकाल लिहिलेला.

“काय झालं?”

“मागे घेताना खांबाला लागली जरा.”

“मग?”

“मग मी बटण दाबलं.”

त्याच्या गेममध्ये म्हणे गाडी आपटली की एक बटण दाबायचं, सगळं चार क्षण मागे जातं, आपटलीच नाही असं होतं. खांबाला लागताच याचा अंगठा आपोआप स्टिअरिंगवर दाबला गेला. तिथे हॉर्न होता. शेजारी परीक्षा घेणारे साहेब कागदी कपातून चहा पीत होते. दचकले. चहा मांडीवर.

“आणि मी पुन्हा दाबलं.”

“पुन्हा? कशाला?”

“पहिल्यांदा काही मागे गेलं नाही ना!”

मी कपाळावर हात मारला. “मग माफी तरी मागितलीस का?”

तो हळूच म्हणाला, “आधी रुमालाने सीट पुसली. साहेब ओरडले, इथे माझी मांडी भाजली आणि तू सीट पुसतोस? पण आई, दुधाचा चहा होता गं.”

हसू येत होतं आणि रडूही. माझ्या मुलाच्या हातांत त्या परक्या माणसांची घाण इतकी मुरली आहे की समोरचा माणूस भाजला तरी हात सीटकडेच जातात. याचीच मला सगळ्यांत जास्त शिसारी आली.

पुन्हा परीक्षा पुढच्या महिन्यात. मालकीणबाई म्हणाल्या, “तेवढं थांबते, त्यापुढे नाही.”

आज संध्याकाळी आल्यावर त्याने गेम लावला. मी तोंड वाकडं केलं. पण त्याने आधी ते मागे नेणारं बटणच बंद करून टाकलं. टेकडी नाही, समुद्र नाही. दोन झाडांच्या मधल्या जागेत गाडी उलटी घालत बसला. इतकं कंटाळवाणं मी आयुष्यात काही पाहिलं नसेल. तरी शेजारी बसले.

“डावीकडे. अरे, डावीकडे! झाड आहे!”

“दिसतंय गं.”

धडकली. अंगठा हलला, थांबला. मागचा दिवा फुटला होता, तो तसाच राहिला. त्याने गाडी पुढे घेतली आणि पुन्हा मागे घ्यायला लागला.