अंबूकाकीची बोटं आणि फोनचं कुलूप

बोट लावून फोन उघडायचा हा प्रकार मला पहिल्यापासून पटलेला नाही. आमच्या गावात तरी तो निव्वळ नखरा आहे, असं मी पारावर बसून छातीठोकपणे सांगत आलोय. ऑफिसातल्या साहेबाचा फोन उघडत असेल बोटानं. त्याचं बोट सकाळी जसं असतं तसंच संध्याकाळी असतं. आमच्या तासगाव भागात एकदा द्राक्षछाटणीची कात्री हातात आली की बेदाणा पॅक होईपर्यंत हाताला उसंत नसते. त्यात कातडी किती जाते आणि नवी किती येते, याचा हिशेब त्या फोनच्या कंपनीला कुणी दिलाय?

माझं नाव केरबा. माझी बेदाण्याची शेड आहे आणि शेडवर बायकांची जी टोळी येते तिची पुढारी अंबूबाई. वयानं माझ्यापेक्षा बरीच मोठी, म्हणून मी तिला काकी म्हणतो. ती मात्र मला पोरासारखं झापते. टबातलं द्रावण पातळ झालं, जाळीवर माल दाट पडला, चहाला उशीर झाला, काहीही असो, पहिला आवाज तिचा. द्राक्षाचे घड द्रावणात बुडवून काढायचं काम ती दुसऱ्या कुणाला देत नाही. जास्त बुडले तर बेदाणा काळा पडतो, कमी बुडले तर वाळत नाही. हातमोजे आणून दिले तर तिसऱ्या दिवशी तिनं ते शेडच्या खांबाला अडकवून ठेवले. म्हणाली, "ह्येच्यात हाताला काय कळतंय रं? डोळं बांधून सैपाक केल्यावानी वाटतंय."

तिला काम करायची गरज नव्हती, हेही सांगून टाकतो. नवरा ज्योतिबा फौजेतून सुभेदार होऊन आलेला, पेन्शन येते, मुलगा धनाजीही फौजेत. पण ज्योतिबाकाकांची आठवण दोन वर्षांपासून हळूहळू जायला लागली. आधी बाजारातून काय आणायचं ते विसरायचे, मग शेजाऱ्यांची नावं, मग एक दिवस स्वतःच्या घरासमोर उभं राहून "हे घर कुणाचं?" म्हणाले. उरलं होतं ते फौजेतलं शिस्तीचं वागणं. रोज दाढी, इस्त्रीचा सदरा आणि पायात पॉलिश केलेले बूट. मी एकदा काकीला म्हणालो, घरी थांबा की त्यांच्यापाशी. तर म्हणाली, "दिसभर त्येंच्याकडं बघत बसले तर मीबी इसरायला लागीन रं. हितं चार बायकांत माझं डोस्कं थाऱ्यावर ऱ्हातंय." ती शेडवर असली की शेजारची सून संयोगिता काकांकडं लक्ष ठेवायची.

मधे काकांना कुणा भामट्याचा फोन आला. पेन्शन बंद होणार, अमुक आकडे सांगा, तमुक आकडे सांगा. संयोगितानं वेळेवर फोन हिसकावून घेतला म्हणून निभावलं. दिवाळीच्या सुट्टीला धनाजी आला तो चिडलेलाच होता. त्यानं दोघांच्या फोनला बोटाचं कुलूप घातलं. काकांचा फोन गळ्यात अडकवायच्या पिशवीत घातला आणि असं करून ठेवलं की त्याच्यावर आईचा आणि त्याचा स्वतःचा, दोनच नंबर वाजतील. बाकी कुणी फोन केला तर तो वाजणारच नाही. आणि काका कुठं आहेत ते आईच्या फोनमध्ये नकाशावर निळ्या ठिपक्यानं दिसेल. पोरगा हुशार, त्यात शंका नाही. मी तेव्हाही म्हणालो, "धनाजी, बोटाचं खूळ काढून टाक, साधे आकडे ठेव." त्यानं आकडेही घातले होते, पण काकीनं ते ऐकूनच घेतले नाहीत. "आकडं मी इसरते. बोट कुटं घरी ऱ्हातंय?" असं म्हणून तिनं विषय संपवला.

आता गंमत बघा. दिवाळीत द्रावणाला हात लागून महिने झालेले असतात. तेव्हा काकीचे हात बरे होते. धनाजीनं तिचे दोन्ही अंगठे आणि त्यांच्या शेजारची बोटं फोनला ओळखायला लावली. म्हणजे नेमकी तीच, ज्यांनी ती घड उचलते, बुडवते, झटकते. शेड सुरू झाली आणि द्रावणातल्या खारानं त्या बोटांवरचं कातडं सोलून निघालं. फोन कधी उघडायचा, कधी नाही. मी म्हणालो, काकी, आणा इकडं, काढून टाकतो ते कुलूप. तर तिनं फोन पोलक्यात खोचला. "माझ्या ल्येकानं घातलंय. काढंल त्योच."

त्या दिवशी उन्हाचा तडाखा असा होता की शेडचे पत्रे तडतडत होते. जेवणं उरकून बायका परत कामाला लागल्या होत्या आणि काकीचा फोन वाजला. येणारा फोन घ्यायला बोट लागत नाही, तो तिनं घेतला. पलीकडून संयोगिता रडत होती. "काकू, दार सताड उघडं हाय. काका कुटंच न्हाईत. मी वाळवण काढायला माडीवर गेलते, तेवढ्यात…"

काकीनं फोन ठेवला आणि नकाशा बघायला अंगठा टेकवला. फोन थरथरला. परत टेकवला, परत थरथरला. तिनं हात पदराला पुसला, दुसरा अंगठा लावला, बोट लावलं. फोन म्हणाला, थोड्या वेळानं प्रयत्न करा.

"थोड्या येळानं?" ती फोनवरच ओरडली. "म्हातारा कुटं पडला असंल आन् ह्यो म्हंतोय थोड्या येळानं!"

मी तिला रांजणाकडं नेलं. साबणानं हात धुतले. एका बाईनं खोबरेल चोळलं, दुसरीनं ते राखेनं पुसलं. वेळ सरला, परत बोट लावलं. काही नाही. मी ते बोट हातात घेऊन उजेडात धरलं. रेषा नव्हत्याच. तुळतुळीत गुलाबी कातडं आणि मधे भेगा. रोज त्या हाताच्या भरवशावर माझा माल तयार होतो, पण त्या हाताकडं मी नीट बघितलं होतं ते पहिल्यांदाच. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो.

मी माझ्या फोनवरून काकांचा नंबर लावला. अर्थातच वाजला नाही. धनाजीचा लावला, तो संपर्कक्षेत्राच्या बाहेर. त्याच्या ठाण्यावर रेंज कधी असते, कधी नसते. आमचं हे चालू असताना काकीनं पुन्हा पुन्हा बोटं टेकवली होती, आणि आता फोननं बोट मागणंच सोडलं. आकडे टाका म्हणाला. तासगावच्या मोबाइलवाल्याला फोनवर विचारलं, तर तो म्हणाला, उघडून देतो, पण आतलं सगळं पुसलं जाईल. म्हणजे ठिपकाही जाणार. सांगितलं होतं की नाही मी, असं माझ्या जिभेवर आलं होतं. काकीचं तोंड बघितलं आणि गिळलं.

"गाडी काढ केरबा," ती म्हणाली. "शेततळी बघायची."

हे वाक्य ऐकून शेडवरच्या सगळ्या बायकांनी हातातलं काम सोडलं. आमच्याकडं द्राक्षबागेला शेततळं लागतंच. खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावरून माणूस घसरला की हाताला धरायला काही सापडत नाही, पोहता येत असलं तरी वर येता येत नाही. कुत्री जातात, वासरं जातात. माणसंही गेलेली आहेत. आणि उन्हातान्हात तहानलेला म्हातारा चालत निघाला तर तो पाण्याकडंच जाणार.

काकी माझ्या मोटारसायकलवर मागं बसली. पहिलं तळं आमचंच. कुंपणाच्या तारेला धरून आत वाकून बघितलं. हिरवं पाणी, हालचाल नाही. दुसरं, तिसरं. प्रत्येक ठिकाणी मी गाडी थांबवायच्या आधीच ती उतरायची आणि काठावर जाईपर्यंत पळायची. काठावर मात्र क्षणभर डोळे मिटायची, मग उघडायची. मला तिच्याकडं बघवेना. गावातली पोरं कालव्याच्या बाजूला गेली होती. कुणाचाही फोन वाजला की मी गाडी थांबवायचो.

एका तळ्याच्या काठावर कागदावरून खाली घसरल्याची ओली खूण होती आणि तारेजवळ एक चप्पल पडली होती. मी काकीला म्हणालो, तुम्ही पुढं येऊ नका. ती आली. चप्पल हातात घेतली, उलटी करून बघितली आणि फेकून दिली.

"त्येंची न्हाई. त्ये बुटाबिगर भाईर पडत न्हाईत." एवढं बोलून ती तिथंच पाण्याकडं बघत उभी राहिली. चप्पल त्यांची नसली तरी माणूस बुटासकट तळात असू शकतो, हे तिच्याही लक्षात आलं असावं. मी पाण्यात काठी घालून ढवळत राहिलो. ती देवाला काही बोलत नव्हती, नवऱ्यालाच शिव्या देत होती. "कुटं कडमडलाय ओ. लढाईवर गेला तवा माघारी आला आन् आता दारातनं जाऊन सापडंना."

तेवढ्यात तिच्या पोलक्यातला फोन वाजला. पडद्यावर काकांचा वर्दीतला फोटो. काकांचाच फोन! तिच्या हातातून तो निसटायला लागला, मी धरला आणि आवाज मोठा केला.

पण बोलणारे काका नव्हते. "हॅलो, कोन बोलतंय? मी कोंडीबा, जतकडचा, मेंढरंवाला. सावळजच्या वाटंला आमची मेंढरं बसल्यात. हितं एक म्हातारबाबा बाभळीखाली बसल्यात बगा. नाव इचारलं तर सांगनात, गाव इचारलं तर सांगनात."

"जित्तं हाईत का?" काकीनं विचारलं.

"हाईत की! ताक प्याले दोन तांबे."

काकी तोंडात पदर कोंबून रडायला लागली. मीच पुढं बोललो. फोन कसा उघडला म्हणून विचारलं, कारण माझ्या डोक्यात तोच किडा वळवळत होता.

"उगडत नव्हता ओ. मग म्हनलं, आजोबा, ह्येच्यावर बोट लावा. लावलं की लगीच उगडला. माजा फोन काय असा उगडत न्हाई बगा, लोकरीच्या कामानं बोटं गुळगुळीत झाल्यात. आत बगितलं तर सगळीकडं एकच नाव, अंबू. म्हनून लावला."

ज्या माणसाला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, त्याला फोननं एका झटक्यात ओळखलं. आणि त्याच्यासाठी तळी हुडकत फिरणाऱ्या बाईला तिच्या हातातला फोन ओळखत नव्हता. काकांच्या हाताला दोन वर्षांत काम नव्हतं, म्हणून बोट शाबूत होतं. नखरा म्हणू की उपयोगाची वस्तू म्हणू, मला सुचेना. मी गाडीला किक मारली.

आम्ही पोचलो तेव्हा काका बाभळीच्या सावलीत मेंढरांकडं तोंड करून ताठ बसले होते. बुटांवर धूळ होती, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. कोंडीबानं त्यांच्या डोक्यावर स्वतःचं मुंडासं ठेवलं होतं. काकी गाडीवरून उतरली आणि धावतच गेली. आता ती त्यांना झापणार, असं मला वाटलं. तिनं तोंड उघडलंही होतं.

काकांनी तिच्याकडं बघून अदबीनं मान लववली. "या बाई, सावलीला बसा," ते म्हणाले. "जागा हाय."

काकी उभी राहिली. "चला घरी," ती म्हणाली.

"न्हाई, मला हलता येनार न्हाई. मंडळी येनार हायत माजी. आत्ताच फोन झालाय."

"कोन मंडळी?"

काकांनी पिशवीतून फोन काढला. अंगठा टेकवला. फोन उघडला आणि आत दिवाळीतला फोटो होता. हिरव्या साडीतली अंबूकाकी, धनाजीनं काहीतरी चेष्टा केली असेल म्हणून तोंडावर हात धरून हसणारी. त्यांनी तो फोटो तिच्यासमोर धरला.

"ही," ते म्हणाले. "ही आल्याबिगर मी जानार न्हाई."

मी पुढं व्हायला लागलो, काका, अहो हीच ती, असं सांगायला. काकीनं मागच्या मागं हात करून मला थांबवलं. ती फोटोकडं बघत होती. मग तिनं घामानं चिकटलेले केस मागं सारले आणि पदर नीट घेतला.

"व्हय का," ती म्हणाली. "त्येंनीच धाडलंय मला. उन्हाचं त्येंला निघवंना. म्हनल्या, आमच्या मानसाला तेवढं घरी आना."

काकांनी तिच्याकडं निरखून बघितलं. विश्वास ठेवावा की नाही, असं त्यांच्या तोंडावर बराच वेळ दिसत होतं. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले, कोंडीबाचं मुंडासं काढून घडी करून त्याच्या हातात दिलं आणि माझ्या गाडीकडं चालायला लागले.

"मग बिगीनं चला बाई," ते म्हणाले. "वाट बगत बसली असंल ती."