लेकीच्या वहीतली माझी वाक्यं

गेल्या वर्षी लेक नववीत होती, इथे ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या गुंगालिनला. तिला पुढच्या वर्षी वरच्या स्पॅनिश वर्गात जायचं होतं. जागा एकच उरली होती, आणि ती एका होमवर्कवर ठरणार होती: कर्मणी प्रयोगाची दहा वाक्यं.

आता कर्मणी म्हटल्यावर मी गप्प बसते होय! पुण्याच्या शाळेत व्याकरणात माझा पहिला नंबर असायचा. तिने लिहिलं होतं, 'से वेंदे कासा'. म्हणजे 'घर विकणे आहे'.

"अगं, पण विकतंय कोण? कर्ता कुठाय?"

"आई, तिकडे लोक असंच बोलतात. मिस म्हणाली."

"दीडशहाणी! आण ती वही इकडे."

तिची दहाही वाक्यं खोडून मी 'घर मालकाकडून विकलं जातं' या छापाची माझी दहा तिला स्पॅनिशमध्ये लिहायला लावली. लहानपणी माझे सगळे प्रोजेक्ट बाबांनीच केले होते. त्यामुळे यात काही वावगं आहे हे डोक्यातसुद्धा आलं नाही.

पालकसभेला तिच्या स्पॅनिशच्या बाईंनी वही समोर ठेवली. "नियमाने सगळं बरोबर आहे. पण असं कुणी बोलत नाही, आणि ही वर्गात असं लिहीतही नाही. कुणी मदत केली का?"

शेजारच्या टेबलाशी आमच्या मराठी मंडळातली एकजण बसली होती, कान टवकारून. मी पटकन म्हणाले, "छे, छे! तिचं तीच करते सगळं."

लेकीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "येस, इट्स माइन."

लाइट रेलने घरी येताना ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी तिला विचारत होते, रात्री पिठलं करू का. निर्लज्जपणा म्हणतात तो हाच.

तिसऱ्या दिवशी बाईंना फोन करून सांगितलं, वाक्यं माझी होती, मी खोटं बोलले. त्या म्हणाल्या, जागा कालच दुसऱ्या मुलीला दिली. तुमच्या मुलीला मी एकटीला बाजूला घेऊनही विचारलं होतं, पण ती 'माझंच आहे' म्हणत राहिली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी तिच्यासमोर बसले, माफी मागितली, आणि तरी तोंडातून निघालंच, "अगं, एकटीला विचारलं तेव्हा तरी सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "पण मग मिसला कळलं असतं ना, माझी आई खोटं बोलते ते."