पाठ फिरवलेला कावळा

“आजा, जरा वर बघ की! मान अडकलीया काय तुझी?” लियोनोर वैतागली.

“वर बघून काय करू? वर माझं काय न्हाई.”

जेफेरिनू लिस्बनच्या फुटपाथांवर काळे-पांढरे दगड बसवतो. वय एकाहत्तर. नात फ्रान्सात वाढलेली, एका दिवसापुरती आलेली. मुकादमानं सुट्टी दिली ती दुपारपर्यंतच. तिला किल्ला बघायचा होता. त्याला तिला आपलं काम दाखवायचं होतं, पण ‘हे बघ, मी केलं’ म्हणायला त्याची जीभ वळत नव्हती. म्हणून किल्ल्याची वाट सोडून त्यानं तिला चर्चमागच्या चौकात आणलं आणि उगाच खोकत उभा राहिला.

तिथं जमिनीवर दगडांत शहराचं चिन्ह बसवलेलं होतं. गलबत आणि त्याच्या दोन टोकांना दोन कावळे. सगळ्या शहरात हे कावळे एकमेकांकडं तोंड करून असतात.

लियोनोर त्यावरनंच पुढं गेली, थांबली आणि दोन पावलं मागं आली.

“आजा, ह्यो एक कावळा पाठ करून का बसलाय? भांडण झालंय व्हय?”

“साचा उलटा टाकला म्या. नवखा हुतो.” म्हातारा खुलला. “बेचाळीस वरसं झाली. मुकादम गेले, पाद्री गेले, लग्नाची वऱ्हाडं गेली ह्यावरनं. कुणी म्हणून इचारलं न्हाई.”

“मग सरळ कर की आता!”

“आता तर आजिबात न्हाई.”

बाराचे टोले पडले. किल्ला राहिलाच. तिला ट्रामच्या थांब्यावर सोडून जेफेरिनू कामावर गेला, बुटक्या स्टुलावर बसला आणि हातोडीनं पुढचा दगड तासायला लागला.